दरड कोसळली, हे उत्तर झालं. प्रश्न कोणता होता?

पेटच्या मुलाखतीत ‘तुमचा संशोधन प्रश्न काय?’ असं विचारलं की आपल्यापैकी बरेच जण विषय सांगून मोकळे होतात. मीही तेच केलं होतं. विषय आणि प्रश्न यांतला फरक एका रेल्वे अपघातावरून बघू.

लातूर रोड–परळी मार्गावरच्या घाटनांदूर स्टेशनात जानेवारी २००३ मध्ये एक्स्प्रेस उभ्या मालगाडीवर आदळली, हे आपल्या भागात अजून आठवणारे आहेत. त्याच वर्षी २२ जूनच्या रात्री कोकण रेल्वेवर वैभववाडीजवळ कारवारहून मुंबईला निघालेली हॉलिडे स्पेशल रुळांवर आलेल्या दरडीला धडकून घसरली. पन्नासच्या आसपास माणसं गेली.

कारण काय? दरड. बातमीला एवढं पुरतं, सिनॉप्सिसला नाही. दरड का सुटली, हा एक प्रश्न झाला: डोंगर कापून काढलेल्या उतारात पावसाचं पाणी मुरतं, मातीच्या कणांमधल्या पाण्याचा दाब वाढतो आणि उताराची धरून ठेवण्याची ताकद घटते. हा भूशास्त्राचा भाग. पण दरड पडली म्हणून गाडी घसरलीच पाहिजे असं थोडंच आहे? ती चालकाला वेळेत दिसली आणि गाडी थांबली, तर अपघात होत नाही. इथे वेग येतो. वेग अर्धा केला, तर ब्रेक लावल्यानंतर लागणारं अंतर साधारण पाव होतं. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं आणि मुसळधार पावसात समोरचं दिसेनासं झालं की ताशी ४० किलोमीटरची मर्यादा असते, ती यासाठीच.

म्हणजे विषय एकच, प्रश्न दोन. आणि दोन्हींची विदा वेगळी.

आता खरी गोम. वर्ष भरायला सहा दिवस असताना, १६ जून २००४ ला, करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेसही रुळावरच्या दगडांमुळेच घसरली. लगेच ‘जास्त पाऊस म्हणजे दरड’ असं लिहू नका. तुम्ही फक्त कोसळलेली ठिकाणं बघताय. तेवढाच पाऊस झेलून उभे राहिलेले उतार कुठे आहेत? त्यांची उंची, तिरकेपणा, माती, पाण्याचा निचरा यांच्याशी तुलना केल्याशिवाय पावसाचा वाटा किती, ते सांगताच येत नाही.

अडचण एवढीच, की पडलेल्या दरडीची नोंद होते. न पडलेलीची वही कुणी ठेवत नाही. ती यादी नकाशे घेऊन, मार्गावर फिरून आपणच करायची. पहिले सहा महिने त्यातच जातात, गाईडला आधीच सांगून ठेवा.