काचेचा काउंटर ऑनलाइन मागवताय? सही करण्याआधी हे वाचा



केकचं दुकान टाकायचं ठरलं की पहिला मोठा खर्च येतो काचेच्या डिस्प्ले काउंटरचा. ऑनलाइन तो स्वस्त दिसतो, फोटो एकदम चकाचक, आणि आपण पूर्ण पेमेंट करून मोकळे होतो. माझंही असंच झालं होतं. काउंटर आला, टेम्पोवाला घाईत. "साहेब, सही द्या, अजून चार ठिकाणी जायचंय." दिली सही. संध्याकाळी थर्माकोल काढला, तर समोरच्या काचेला खालून वरपर्यंत तडा! विक्रेता म्हणे ट्रान्सपोर्टला विचारा. ट्रान्सपोर्टवाला म्हणे, माल नीट मिळाल्याची तुमची सही आहे. नवी काच शेवटी पदरच्या पैशांनी बसवली.

म्हणून सांगतो, पेनाला हात लावण्याआधी खोकं चारी बाजूंनी बघा. कोपरा दबलाय का? पट्टी सुटलीये का? आत काही खळखळ वाजतंय का? शंका आली तर पावतीवर स्पष्ट लिहा, "डावा कोपरा दबलेला आहे, आतला माल तपासलेला नाही." मगच सही करा आणि त्या पावतीचा फोटो काढून ठेवा. टेम्पोवाला कुरकुर करेल, करू द्या. ओपन बॉक्स डिलिव्हरी असेल तर वस्तू बघितल्याशिवाय ओटीपी सांगायचा नाही.

खोकं उघडताना व्हिडिओ घ्या, पण सलग. मधे बंद करून परत चालू केलेला व्हिडिओ समोरचा मान्य करेलच असं नाही. आधी पत्त्याचं लेबल, मग सगळ्या बाजू, मग उघडणं.

आता खरी गोची कुठे होते बघा. ट्रान्सपोर्टच्या बिल्टीवर बऱ्याचदा बारीक अक्षरात "ओनर्स रिस्क" छापलेलं असतं. 2007 च्या कॅरेज बाय रोड कायद्यात ट्रान्सपोर्टरची जबाबदारी मर्यादित ठेवलेली आहे. जास्त जोखमीचा दर ठरवून घेतला नसेल, तर नियमांप्रमाणे भरपाई साधारण भाड्याच्या दहा पटींपर्यंतच. म्हणजे भाडं 1,500 रुपये असेल तर 15,000. काउंटर 60,000 चा असला तरी! त्यामुळे ऑर्डर देण्याआधीच विक्रेत्याला व्हॉट्सॲपवर विचारा: लाकडी क्रेट देणार का, ट्रान्झिट इन्शुरन्स कोण काढणार, काच फुटली तर कोण बदलून देणार? फोनवरचं "काळजी करू नका सर" पुढे कुठेच दाखवता येत नाही. थोडे पैसे डिलिव्हरीनंतर द्यायचे ठरले तर उत्तमच.

"धंद्यासाठी घेतलं म्हणजे आपण ग्राहक नाही," असं कुणी ऐकवलं तर लगेच गप्प बसू नका. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी हेतूची खरेदी वगळलेली आहे हे खरं, पण स्वयंरोजगारातून केवळ पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू त्या वगळण्यात येत नाही. स्वतः केक करून स्वतः विकणाऱ्या ताईंना हे लागू होऊ शकतं. ऑनलाइन प्लॅटफॉर्मच्या तक्रार अधिकाऱ्याने 48 तासांत पोच आणि एका महिन्यात निवारण द्यावं, असा 2020 चा नियम आहे. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915.

आणि हो, खोकं, थर्माकोल लगेच भंगारवाल्याला देऊ नका. परत पाठवायची वेळ आली तर तेच लागतं. घरचे जागेवरून ओरडतील, माझे ओरडले होते.