परतलेल्यांचा स्वर्ग आणि ख्रिस्ती श्रद्धा

हृदय बंद पडते, श्वास थांबतो, डॉक्टरांची धावपळ सुरू होते आणि काही मिनिटांनी रुग्ण शुद्धीवर येतो. अशा रुग्णांपैकी काही जण नंतर एक विलक्षण हकिकत सांगतात. आपण शरीराबाहेर पडलो, अंधाऱ्या बोगद्यातून गेलो, पलीकडे अतितेजस्वी पण सुखद प्रकाश होता, दिवंगत आप्त भेटले आणि मग आपल्याला परत धाडण्यात आले, असे तिचे साधारण स्वरूप असते. अमेरिकेतील रेमंड मूडी यांनी अशा सुमारे दीडशे हकिकती जमवून १९७५ मध्ये ‘लाइफ आफ्टर लाइफ’ हे पुस्तक प्रसिद्ध केले आणि ‘निअर-डेथ एक्स्पिरिअन्स’, म्हणजेच मृत्युसमीप अनुभव, हा शब्दप्रयोग जगभर रूढ झाला. आपण मरणोत्तर जीवन सिद्ध केले आहे, असा दावा मूडी यांनी त्या पुस्तकात केला नव्हता. तो दावा नंतरच्या लेखकांनी केला आणि त्यातून ख्रिस्ती पुस्तकांची एक मोठी बाजारपेठ उभी राहिली.

२०१० मध्ये आलेल्या ‘हेवन इज फॉर रिअल’ या पुस्तकात एका पाद्र्याच्या लहान मुलाने शस्त्रक्रियेच्या वेळी स्वर्ग पाहिल्याची कथा आहे. त्याच्या लक्षावधी प्रती खपल्या; २०१४ मध्ये त्यावर चित्रपटही निघाला. सश्रद्ध मंडळींनी या साऱ्याचे स्वागतच केले असेल, असे कोणालाही वाटेल. परंतु त्याच वर्षी जून महिन्यात ‘सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन’ या अमेरिकेतील सर्वांत मोठ्या प्रोटेस्टंट संघटनेने एक ठराव संमत केला. मरणोत्तर जीवनाविषयी बायबल जे सांगते ते पुरेसे आहे, व्यक्तिगत अनुभवांच्या कथांवर श्रद्धा उभारू नये, असा त्याचा आशय होता. स्वर्ग पाहून आल्याचे सांगणाऱ्यांना स्वर्ग मानणाऱ्यांनीच दूर का ठेवावे?

याचे उत्तर ख्रिस्ती सिद्धांतातच आहे. देह नश्वर आणि आत्मा अमर, मृत्यूनंतर आत्मा उडून स्वर्गात जातो, ही कल्पना ख्रिस्ती घरांतूनही सर्रास आढळते. पण तिचे मूळ बरेचसे ग्रीक तत्त्वज्ञानात आहे. सन ३८१ मध्ये निश्चित झालेल्या आणि आजही चर्चमध्ये म्हटल्या जाणाऱ्या श्रद्धासूत्रात ग्वाही आहे ती मृतांच्या पुनरुत्थानाची. काळाच्या अंती मृत माणसे सदेह उठवली जातील आणि त्यांचा न्याय होईल, ही मूळ आशा. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात संत पौल पेरलेल्या बीजाचा दृष्टान्त देतो तो यासाठीच. मृत्यू आणि पुनरुत्थान यांच्या मधल्या काळात काय होते, याविषयी मात्र पंथांमध्ये मतभेद आहेत. कॅथलिक परंपरा प्रत्येकाचा न्याय मृत्यूबरोबरच होतो असे मानते आणि शुद्धीकरणाच्या अवस्थेची, म्हणजे ‘पर्गेटरी’ची शिकवण देते. २ नोव्हेंबरला वसईत आणि मुंबईत कबरींवर मेणबत्त्या लावून मृतांसाठी प्रार्थना होते, तिच्यामागे हीच शिकवण आहे. प्रोटेस्टंटांनी ती सोळाव्या शतकात नाकारली. ल्यूथरच्या काही लेखनात तर मृत्यू म्हणजे पुनरुत्थानापर्यंतची गाढ निद्रा, असा सूर आहे.

बायबलमधील मौनही पाहण्यासारखे आहे. योहानाच्या शुभवर्तमानात बेथानीचा लाजर चार दिवस कबरीत राहून येशूच्या हाकेसरशी बाहेर येतो. आजच्या एखाद्या प्रकाशकाने त्याला लगेच लेखणी आणि कागद दिला असता. शुभवर्तमानात त्याच्या तोंडी एक शब्दही नाही. पौल करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात चौदा वर्षांपूर्वी तिसऱ्या स्वर्गापर्यंत नेल्या गेलेल्या एका माणसाचा उल्लेख करतो. तो माणूस म्हणजे स्वतः पौलच, असे बहुतेक भाष्यकार मानतात. तेव्हा आपण देहात होतो की देहाबाहेर हे ठाऊक नाही, आणि तेथे ऐकलेले बोलून दाखवण्याजोगे नाही, एवढेच सांगून तो विषय सोडतो.

मध्ययुगात हे मौन राहिले नाही. इंग्लंडचा इतिहासकार बीड याने ७३१ च्या सुमारास पूर्ण केलेल्या ग्रंथात ड्रिथेल्म नावाच्या गृहस्थाची कथा दिली आहे. रात्री मेलेला हा माणूस पहाटे उठून बसतो. एका बाजूला ज्वाळा आणि दुसऱ्या बाजूला गारांचा मारा असलेल्या दरीत आत्मे इकडून तिकडे फेकले जाताना त्याने पाहिलेले असते. पुढे तो संन्यस्त होतो आणि हिवाळ्यात बर्फाळ नदीत उभा राहून प्रार्थना करतो. लोकांनी नवल केले, की याहून भयंकर गारठा पाहिला असल्याचे सांगतो. या कथांचा हेतू पापाचे भय दाखवणे हा होता. मूडी यांच्या रुग्णांना भेटणारा प्रकाश मात्र कोणाला दोष देत नाही. धर्माभ्यासक कॅरल झालेस्की यांनी १९८७ मध्ये या दोन काळांतील हकिकतींची तुलना करून दाखवून दिले, की प्रवासाचा आराखडा तोच असला तरी त्यातले न्यायासन आणि नरक विसाव्या शतकात जवळजवळ दिसेनासे झाले.

याहून मौजेची गोष्ट पोप ग्रेगरी पहिले यांच्या ‘संवाद’ या सहाव्या शतकाच्या अखेरच्या ग्रंथात आहे. स्टीफन नावाचा प्रतिष्ठित माणूस मरून परलोकातील न्यायाधीशापुढे उभा राहतो. न्यायाधीश म्हणतो, हा नव्हे, स्टीफन लोहाराला आणायला सांगितले होते. हा स्टीफन जिवंत होतो आणि त्याच घटकेला शेजारचा लोहार मरतो. मराठी वाचकाला हे परके वाटणार नाही. बेंगळुरूच्या ‘निम्हान्स’मधील सतवंत पसरिचा आणि अमेरिकेतील इयन स्टीव्हन्सन यांनी १९८६ मध्ये भारतातील सोळा हकिकतींचा अभ्यास प्रसिद्ध केला. यमदूत न्यायला येतात, वही उघडली जाते, चुकीचा माणूस आणल्याचे ध्यानात येते आणि त्याला परत पाठवले जाते, हा प्रकार तेथे वारंवार आढळला. तेव्हा अशा अनुभवाने ख्रिस्ती स्वर्ग सिद्ध होतो असे म्हणायचे, तर चित्रगुप्ताची वहीही सिद्ध झाली असे म्हणावे लागेल. सत्य एकच, त्याची वस्त्रे संस्कृतीनुसार निराळी, असा युक्तिवाद केला जातो; तो विचार करण्याजोगा आहे, पण मग कोणत्याही एका धर्माला त्याचा पुरावा म्हणून उपयोग उरत नाही.

हे अनुभव खोटे आहेत, असा याचा अर्थ नाही. नेदरलँड्समधील पिम व्हान लोमेल यांनी ‘लॅन्सेट’मध्ये २००१ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत हृदयक्रिया बंद पडून वाचलेल्या ३४४ रुग्णांपैकी ६२ जणांनी, म्हणजे १८ टक्क्यांनी, असे काही अनुभवल्याचे सांगितले. सॅम पार्निया यांच्या पथकाने रुग्णालयांत छताजवळ फळ्या बसवून, फक्त वरूनच दिसतील अशी चित्रे त्यांवर ठेवली होती. २०१४ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा, ज्या दोघांना आपल्यावरील उपचार पाहिल्याचे व ऐकल्याचे आठवत होते, त्यांच्यावर नेमके फळी नसलेल्या जागी उपचार झाले होते! २०२३ मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांना, कृत्रिम श्वसन काढल्यानंतर चारपैकी दोन रुग्णांच्या मेंदूत तीव्र विद्युत्-हालचाल दिसली. ते रुग्ण वाचले नाहीत. त्यामुळे त्यांना काय जाणवले, हे कोणाला विचारता आले नाही.

या बाजाराची खरी किंमत एका मुलाने मोजली. २००४ मध्ये मोटार अपघातात वयाच्या सहाव्या वर्षी तो पांगळा झाला. तो स्वर्गात जाऊन आल्याचे सांगणारे पुस्तक २०१० मध्ये, वडील आणि मुलगा अशा दोघांच्या नावे निघाले आणि खूप खपले. जानेवारी २०१५ मध्ये त्याने जाहीर पत्र लिहिले. आपण मेलो नव्हतो, स्वर्गात गेलो नव्हतो, लोकांचे लक्ष वेधले जाईल असे वाटल्याने तसे बोललो, असे त्याने कळवले. आणि लोकांनी बायबल वाचावे, तेवढे पुरेसे आहे, असेही. त्याची आई आधीपासूनच या पुस्तकाविरुद्ध बोलत होती, पण तिच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नव्हते. पत्रानंतर प्रकाशकाने पुस्तक बाजारातून मागे घेतले. २०१८ मध्ये त्या मुलाने, आता तरुण झालेल्याने, प्रकाशकावर न्यायालयात दावा लावला.