माकडांच्या हाका आणि अर्थाचे अधिष्ठान

ध्वनीला अर्थ आहे असे केव्हा म्हणावे, हा भाषाशास्त्रातील मूलभूत प्रश्न आहे. वेदनेने निघालेला चीत्कार आणि ‘साप’ हा शब्द, ही दोन्ही ऐकणाऱ्यास काही कळवितात. परंतु पहिला केवळ मनोविकाराचा परिणाम असतो, तर दुसरा बाह्य वस्तूचा वाचक असतो. मानवेतर प्राण्यांचे सर्व ध्वनी पहिल्याच प्रकारचे होत, अशी समजूत दीर्घकाल प्रचलित होती. या समजुतीची परीक्षा आफ्रिकेच्या माळरानावर झाली, आणि ती करणाऱ्यांत डोरोथी चेनी (१९५०–२०१८) या अमेरिकन विदुषीचे स्थान अग्रभागी आहे.

चेनी यांचे पदवीशिक्षण राज्यशास्त्राचे. पती रॉबर्ट सायफार्थ यांच्यासह त्या दक्षिण आफ्रिकेत बबून माकडांच्या अभ्यासासाठी गेल्या आणि तेथेच त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली. पुढे केंब्रिज येथे रॉबर्ट हाइंड यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी डॉक्टरेट मिळविली. त्यानंतरचे बहुतेक सर्व संशोधन या दांपत्याने संयुक्तपणे केले.

केनियातील अँबोसेली येथील व्हर्वेट माकडे बिबट्या, गरुड आणि साप यांना पाहून तीन भिन्न हाका देतात, हे टॉमस स्ट्रुसेकर यांनी १९६७ मध्ये नोंदविले होते. परंतु हा भेद भयाच्या तीव्रतेचा नसेल कशावरून? शिवाय, ऐकणारी माकडे हाकेने सावध होतात, की शत्रू स्वतः पाहून? चेनी, सायफार्थ आणि पीटर मार्लर यांनी या हाका ध्वनिमुद्रित केल्या आणि शत्रू जवळपास नसताना झुडपात लपविलेल्या ध्वनिक्षेपकावरून त्या ऐकविल्या. बिबट्याची हाक ऐकताच जमिनीवरील माकडे झाडावर चढली. गरुडाची ऐकताच वर पाहू लागली किंवा झुडपात शिरली. सापाची ऐकताच मागच्या पायांवर उभी राहून भोवतालचे गवत न्याहाळू लागली. हाकेची लांबी किंवा तीव्रता बदलल्याने या प्रतिक्रियांत विशेष फरक पडला नाही. १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांनी जुन्या समजुतीस मोठा धक्का दिला. पिले प्रारंभी निरुपद्रवी पक्ष्यांना, क्वचित गळणाऱ्या पानालाही गरुडाची हाक देतात आणि अनुभवाने ती हाक योग्य त्या शत्रूपुरती मर्यादित होते, हेही याच अभ्यासात दिसले.

श्रोत्यांची जाण शत्रूपुरतीच नव्हती. एका पिलाचा आक्रोश ऐकविला असता त्याची आई ध्वनिक्षेपकाकडे वळली; पण जवळच्या इतर माद्या बहुधा त्या आईकडे पाहू लागल्या. आवाज कोणाचा आणि ते पिलू कोणाचे, हे त्या जाणत होत्या. बोट्स्वानातील ओकाव्हांगो नदीच्या त्रिभुज प्रदेशात १९९२ पासून सुमारे दीड दशक चाललेल्या बबूनांच्या अभ्यासाने ही जाण किती सखोल आहे हे दाखविले. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात कनिष्ठ मादी धमकावीत आहे आणि वरिष्ठ मादी किंचाळत आहे, असा आभास ध्वनिमुद्रणाने निर्माण केला गेला. हा उलटफेर एकाच मातृकुळातील असण्यापेक्षा दोन मातृकुळांतील असला, तर माद्या अधिक काळ ध्वनिक्षेपकाकडे पाहत. व्यक्तीचा दर्जा आणि तिचे कुळ यांची एकत्रित जाण त्यांना होती. या जाणिवेला जीवनात मोल आहे: ज्या माद्यांचे स्नेहसंबंध दृढ आणि स्थिर होते त्या अधिक जगल्या, असे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले.

मात्र या हाकांना ‘शब्द’ म्हणण्याची घाई चेनी यांनी केली नाही. हाक देणाऱ्यास समोरच्याचे अज्ञान दूर करावयाचे असते काय? मॅकाक माकडांच्या मातांवरील प्रयोगात आईला धोका दिसला आणि पिलाला दिसला नाही, तरीही पिलास सावध करण्यासाठी ती अधिक हाका देते असे आढळले नाही. कळपापासून दुरावलेले बबून भुंकते; पण कळपाच्या मध्यभागी सुरक्षित असलेले बबून त्याला दिशा कळावी म्हणून सहसा उत्तर देत नाही. उत्तर बहुधा येते ते स्वतःही मागे पडलेल्याकडून.

आपल्याकडील न्यायशास्त्रातील धूम आणि अग्नी यांचे प्रसिद्ध उदाहरण येथे उपयुक्त ठरावे. धूमावरून अग्नीचे अनुमान होते. पण अग्नीचे ज्ञान करून देण्याची धूमाची इच्छा नसते. माकडाची हाक धूमाइतकी जड नाही, कारण ऐकणारे कोण आहेत यावरही ती काही अंशी अवलंबून असते. तरीही दुसऱ्याच्या मनातील अज्ञान जाणून उच्चारलेले ते वाक्य नव्हे. श्रोत्याच्या ठिकाणी अर्थ समृद्ध आहे, वक्त्याच्या ठिकाणी हेतू अल्प आहे, ही विषमता हे चेनी यांच्या संशोधनाचे सार होय. भाषेच्या उत्पत्तीचा शोध सामान्यतः बोलणाऱ्यापासून आरंभिला जातो. बोलण्याच्या पुष्कळ आधी समजणे होते, ही शक्यता त्यांच्या कार्याने अभ्यासकांपुढे साधार ठेवली आहे.