लिफ्ट, वडाप आणि सहप्रवास

निपाणीहून बेळगावास जाणारा राष्ट्रीय महामार्ग तवंदीचा घाट ओलांडून संकेश्वर, हत्तरगीवरून पुढे जातो. या वाटेवरील फाट्यांवर सकाळी हात दाखवून वाहन थांबविणारी माणसे हमखास दिसतात. कोणी दुचाकीवर मागे बसतो, कोणी वडापच्या जीपमध्ये दाटीवाटीने सामावून जातो. आता तर अनोळखी माणसाच्या मोटारीतील जागा मोबाइलवरून आधीच राखून ठेवता येते. हे तीन प्रकार वरवर सारखे भासले, तरी त्यांतील भेद जाणणे अगत्याचे आहे. कारण कोणत्या वाहनात पाऊल ठेवावे, हा प्रश्न आमच्या विद्यार्थ्यांपुढे रोजच उभा राहतो.

पहिला प्रकार लिफ्टचा. पूर्वी बाजारास निघालेला गाडीवान वाटसरूला बैलगाडीत घेई व मोबदला मागत नसे. "कोणाचा रे तू?" एवढ्या एका प्रश्नाने गाव, घर, आडनाव सारे उलगडे. ही ओळख हाच उभयतांना जामीन होता. महामार्गावरून वेगाने जाणाऱ्या मोटारीस मात्र ही ओळख नसते. पोलंड देशाने १९५७ साली यावर एक मौजेची तोड काढली. लिफ्ट मागणाऱ्याने कुपनांची पुस्तिका विकत घ्यावयाची, प्रवासाच्या अंतराप्रमाणे कुपने चालकास द्यावयाची आणि चालकाने ती पाठवून बक्षिसांच्या सोडतीत भाग घ्यावयाचा! ओळखीची उणीव तेथे अशा रीतीने नोंदणीने भरून काढली गेली.

दुसरा प्रकार वडापचा. येथे भाडे आहे; पण थांब्याची जागा ठरलेली आणि चालकही बहुधा नेहमीचा. जीप भरल्याखेरीज हलत नाही, हा त्याचा गुण आणि दोषही. माणशी भाडे कमी पडते. परंतु लोभाने चारदोन माणसे अधिक कोंबली, की अपघाताचे भय वाढते. असे असूनही, २०२१ च्या अखेरीस एस.टी. कर्मचाऱ्यांचा दीर्घ संप झाला तेव्हा, तसेच डिसेंबर २०२२ मध्ये सीमातंट्यामुळे दोन्ही राज्यांतील बसगाड्यांची ये-जा खंडित झाली तेव्हा, खासगी वाहनांचाच आधार उरला, हे विसरून चालणार नाही.

तिसरा प्रकार सहप्रवासाचा, ज्यास 'कारपूल' म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत रबर व पेट्रोल यांची टंचाई झाली, तेव्हा शेजाऱ्यांनी एकाच मोटारीने कामावर जावे, असा प्रचार तेथील सरकारने केला. फ्रान्समध्ये २००६ साली स्थापन झालेली 'ब्लाब्लाकार' ही संस्था २०१५ मध्ये भारतात आली. चालक आपला प्रवास आधी जाहीर करतो, प्रवासी जागा मागतो, आणि प्रवासानंतर दोघेही एकमेकांविषयी अभिप्राय नोंदवितात. "कोणाचा रे तू?" या प्रश्नाचेच हे नवे रूप होय.

यातील हिशेब सोपा आहे. निपाणी ते बेळगाव अंतर सुमारे ७५ किलोमीटर. मोटार लिटरमागे १५ किलोमीटर धावते असे धरल्यास पाच लिटर पेट्रोल लागेल. लिटरचा भाव १०० रुपये मानला, तर खर्च ५०० रुपये. चालकासह चौघांत वाटल्यास प्रत्येकी १२५. चालकाने याहून अधिक घेऊन नफा कमावला, की तो सहप्रवास न राहता धंदा होतो. धंद्यास पिवळी पाटी व परवाना हवा. पांढऱ्या पाटीच्या खासगी मोटारीतून भाड्याने जाताना अपघात घडल्यास विम्याची भरपाई मिळण्यात अडचण येते. म्हणूनच केंद्र सरकारने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत खासगी मोटारींच्या आंतरशहरी सहप्रवासास आठवड्यातून दोन खेपांची मर्यादा घातली होती.

तात्पर्य, तिन्ही प्रकारांत वाहनाहून विश्वास महत्त्वाचा. लिफ्टमध्ये तो ओळखीवर, वडापमध्ये नित्याच्या वहिवाटीवर, तर सहप्रवासात नोंदीवर उभा असतो. यांपैकी एकही आधार नसेल, तर कितीही उशीर झाला असला तरी त्या वाहनात बसू नये. बसावयाचेच झाल्यास वाहनाचा क्रमांक आधी घरी कळवावा. शाळेत तास बुडाला तर तो भरून काढता येतो. आम्हांस आमचा विद्यार्थी सुखरूप हवा आहे.