छप्पर दिसते, नाव दिसत नाही

उपग्रहाच्या चित्रात माती आणि गवती छप्पर यांचा रंग जवळजवळ एकच. घर ओळखायचे ते सावलीवरून. सावली सापडली की कडेने बिंदू टाकायचे. झोपडी गोल असेल तर एक कळ दाबून आकार वर्तुळ करायचा, चौकोनी असेल तर कोपरे काटकोनात आणायचे. चित्र तिरपे घेतलेले असेल तर छप्पर पायापासून सरकलेले दिसते. मग आखलेला आकार ओढून पायावर आणावा लागतो, कारण नकाशाला हवी असते घराची जमिनीवरची जागा.

बोरी अरबला घरी बसून मी ओपनस्ट्रीटमॅप या स्वयंसेवकांनी मिळून आखलेल्या खुल्या नकाशावर हे काम करतो. ज्या भागाचा नकाशा हवा, त्याचे चौकोन पाडलेले असतात. एक चौकोन आपण घ्यायचा, पुरा करायचा. नंतर कुणी अनुभवी माणूस तो तपासतो.

मार्च 2014 मध्ये गिनीत इबोलाची साथ जाहीर झाली, तेव्हा गुएकेडूच्या परिसराचे कामाचे नकाशेच नव्हते. जगभरच्या स्वयंसेवकांनी घरी बसून काही दिवसांत तिथले रस्ते आणि घरे आखली. इबोलाची लक्षणे दिसायला 21 दिवसांपर्यंत लागू शकतात. रुग्णाच्या संपर्कात आलेल्या प्रत्येकाकडे तेवढे दिवस रोज जावे लागते, आणि जायचे तर वस्ती कुठे आहे हे आधी कळायला हवे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ‘मिसिंग मॅप्स’ उपक्रम सुरू झाला. साथ येण्याआधीच नकाशा तयार असावा, हा त्यामागचा विचार मला फार मोलाचा वाटतो.

पण मी आखलेल्या वस्तीला नाव नसते. रुग्ण तर गावाचे नावच सांगतो, आणि एकाच नावाची गावे अनेक असतात. ते नाव तिथल्याच माणसाने भरायचे. माझे काम त्याच्याआधी थांबते, आणि थांबायलाच हवे.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यातही कोलामांचे पोड, बंजाऱ्यांचे तांडे मुख्य गावापासून दूर असतात. पल्स पोलिओच्या वेळी दारावर खडूने खूण करत फिरणाऱ्या आशाताईंना ही घरे पाठ असतात. कुठल्या घरात तान्हे बाळ आहे, अडाण नदीला पूर आला की कुठली वाट बंद होते, हे कुठल्याही उपग्रहाला दिसत नाही. आपल्या भागातली वस्ती आखली की मी आधी त्यांनाच विचारतो, ‘ताई, याला काय म्हणतात?’ आणि त्या म्हणतील तेच नाव, तसेच टाकतो.