आर-स्क्वेअर 0.9 आला, म्हणून कारण सापडले?

‘रिग्रेशनचा आर-स्क्वेअर 0.9 आला, म्हणजे समीकरण 90 टक्के खरे’ हा गैरसमज इतक्या ठामपणे मांडला जातो की त्याची चीड येते. रिग्रेशन म्हणजे एका गोष्टीवरून दुसरीचा अंदाज बांधणारे समीकरण; हाती असलेल्या आकड्यांतील चढउतारांपैकी किती वाटा या समीकरणाने टिपला, एवढेच आर-स्क्वेअर सांगतो. ते चढउतार कशामुळे झाले, हे सांगत नाही. पालघर जिल्ह्याचेच घ्या. बोईसर-तारापूरच्या एमआयडीसीपासून गावाचे अंतर आणि तिथले बालकुपोषण यांचे रिग्रेशन मांडले आणि जव्हार-मोखाड्याकडे जाताना कुपोषण वाढत गेले, की निष्कर्ष तयार: कारखाने जवळ असले की मुले सुदृढ होतात. पण त्याच वाटेवर जमीनही बदलते. सूर्या प्रकल्पाचे कालवे डहाणू-पालघरच्या शेतांना पाणी देतात. मोखाड्यात डोंगरउतारावर पावसाळ्यात नाचणी-वरई, पुढे बरेचसे रान रिकामे. निव्वळ उदाहरणादाखल समजा, की अंतराचा स्वतःचा परिणाम शून्य आहे. एकपिकी जमिनीचे प्रमाण दर 10 किलोमीटरला 4 टक्क्यांनी वाढते आणि त्यातल्या दर टक्क्यामागे कुपोषण अर्ध्या टक्क्याने. जमीन वगळली की अंतराच्या खात्यावर चार गुणिले अर्धा, म्हणजे दर 10 किलोमीटरला 2 टक्के फुकट जमा होतात. शिवाय जमीन आणि अंतर एकमेकांशी जितके घट्ट बांधलेले, तितका आर-स्क्वेअरही उंच. ज्या नात्यामुळे चूक झाली, तेच नाते समीकरणाला शाबासकी मिळवून देते!

‘पण अंदाज तर बरोबर येतो ना?’ येतो. पोषण आहाराची मदत आधी कुठे पाठवायची, हे ठरवायला तो पुरेसा आहे. मोखाड्यात कारखाना काढल्याने कुपोषण किती घटेल, हा प्रश्न निराळा. त्याचे उत्तर इथे नाही. मग सगळेच घटक समीकरणात कोंबावेत का? घटक वाढवला की आर-स्क्वेअर कधीच घटत नाही, त्यामुळे त्याच्या वाढीला पुरावा म्हणता येत नाही. दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जाणाऱ्या कुटुंबांचे प्रमाणही समीकरणात धरले, असे समजा. जवळ रोजगार मिळाल्याने हे स्थलांतर थांबत असेल, तर कारखान्याचा परिणाम त्याच वाटेने मुलांपर्यंत पोचतो. स्थलांतर धरून आपण तो खरा परिणामच कापून टाकतो.

गावांची संख्या वाढवूनही वगळलेल्या घटकाचा दोष जात नाही. चुकीचे उत्तर फक्त अधिक ठाम होते. आर-स्क्वेअर कमी म्हणजे रिग्रेशन निरुपयोगी, हेही खोटे: वगळलेल्या घटकाचा समीकरणातल्या घटकाशी संबंध नसेल, तर परिणामाचा अंदाज निर्दोष राहू शकतो. आणि उंच आकडा म्हणजे सरळ रेषाच योग्य, असे वाटत असेल त्यांनी फ्रान्सिस अ‍ॅन्सकोम्ब यांचे 1973 चे चार आलेख पाहावेत: आर-स्क्वेअर चारही आलेखांचा जवळपास 0.67, रेषाही तीच, पण एकात ठिपके चक्क वक्र रेषेवर.

कोणता घटक वगळला आणि समीकरणातल्या घटकांशी त्याचे नाते काय, हे ज्या अहवालात लिहिलेले नाही, त्याच्या आर-स्क्वेअरवरून कारण गृहीत धरणारी कोणतीही योजना आखू नये.