लॉगिनच्या पलीकडची गर्दी

१९९६ साली इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या झ्यूस टेक्नॉलॉजीत ॲडम ट्विस यांनी एक छोटं साधन लिहिलं. पुढे ते अपाचे या वेब सर्व्हरच्या प्रकल्पाकडे आलं आणि ‘एबी’ या नावानं जगभर वापरलं गेलं. काम सरळ होतं. एक पत्ता घ्यायचा, तो हजार वेळा मागायचा आणि सेकंदाला किती विनंत्या पार पडल्या ते छापायचं. तेव्हाच्या वेबला ते पुरत होतं, कारण बहुतेक पानं सगळ्यांना सारखीच दिसायची.

मग पानं माणसागणिक बदलू लागली. आधी लॉगिन आलं, मग कुकी, मग प्रत्येक फॉर्ममध्ये दडलेलं टोकन. लॉगिनशिवाय आतलं पान मागितलं की सर्व्हर मुकाट्यानं लॉगिनच्या पानाकडे वळवतो, आणि वळवायला वेळ कितीसा लागणार? आकडे देखणे यायचे, पण डेटाबेसपर्यंत एकही विनंती पोचलेली नसायची. गेल्या तीस वर्षांतल्या लोड टेस्टिंगकडे, म्हणजे गर्दीत यंत्रणा टिकते का या तपासणीकडे, पाहताना मला हीच फसगत सर्वांत घातक वाटते. चाचणीत सर्व्हर कोसळला तर निदान कोणीतरी दुरुस्तीला लागतं. असा पोकळ अहवाल मात्र बैठकीत मंजूर होऊन जातो.

१९९८ मध्ये स्टेफानो माझ्झोकी यांचं जेमीटर हे चाचणीचं साधन आलं. मर्क्युरी कंपनीचं महागडं लोडरनर मोठ्या कंपन्यांत वापरात होतंच. या साधनांनी हळूहळू दोन सवयी लावल्या. पहिली सवय म्हणजे सर्व्हरनं आत्ता दिलेलं टोकन उत्तरातून उचलून पुढच्या विनंतीत परत द्यायचं. कालची रेकॉर्ड केलेली स्क्रिप्ट जशीच्या तशी चालवली तर जुनं टोकन सर्व्हर नाकारतो. दुसरी सवय सीएसव्ही फाइलची: प्रत्येक आभासी वापरकर्त्याला एक ओळ, त्यात त्याचा आयडी, पासवर्ड आणि त्याचा स्वतःचा प्रश्न. हजार जणांना एकच आयडी दिला तर ती एक नोंद मेमरीत जाऊन बसते आणि सगळं झपाट्यानं चालल्यासारखं दिसतं. किंवा सगळे त्याच नोंदीत लिहायला जातात, एकमेकांच्या कुलपापाशी अडकतात आणि चांगली यंत्रणाही मंद ठरते. दोन्ही निष्कर्ष चुकीचेच.

लॉगिनची गर्दी कमी लेखण्याची किंमत अमेरिकेनं जाहीरपणे मोजली. १ ऑक्टोबर २०१३ ला आरोग्यविम्याची हेल्थकेअर.गव्ह ही साइट सुरू झाली. योजना नुसत्या पाहायच्या तरी आधी खातं उघडा, अशी अट होती. ५० ते ६० हजार लोक एका वेळी येतील असा अंदाज होता, आले अडीच लाखांच्या आसपास. पहिल्या दिवशी नोंदणी पूर्ण झाली ती ६ जणांची. साइट सुरू होण्याच्या काही दिवस आधी झालेल्या चाचणीत काहीशे जणांनी एकदम लॉगिन करताच यंत्रणा बसली होती, हे नंतर बातम्यांतून बाहेर आलं. पुढे खात्याशिवाय योजना पाहण्याची सोय करावी लागली.

लॉगिन मुळातच महाग असतं. चोरीला गेलेल्या नोंदींवरून मूळ पासवर्ड ओळखणं अवघड जावं म्हणून बीक्रिप्टसारख्या पद्धती गणित मुद्दाम संथ करतात. एकेकट्या माणसाला ते जाणवतही नाही, पण सगळे एकाच मिनिटाला आले की प्रोसेसर त्यातच दमतो. म्हणून लॉगिनची लाट वेगळी तपासायला हवी. हल्ली लोकस्ट किंवा के६ या साधनांत हे थोड्या ओळींत लिहिता येतं. ओटीपी आल्यावर मात्र पंचाईत वाढली. चाचणीसाठी तो वगळायचा, तर खरी वाट तपासली जात नाही. २८ एप्रिल २०२१ ला कोविन या कोविड लसीकरणाच्या संकेतस्थळावर १८ वर्षांवरच्यांची नोंदणी खुली झाली, तेव्हा ओटीपीची वाट पाहत बसलेले लोक आठवतात.

त्याच वर्षी १६ जुलैला दुपारी एक वाजता महाराष्ट्रात दहावीचा निकाल लागला. परीक्षा रद्द झालेली, विद्यार्थी १५ लाखांहून अधिक, आणि संकेतस्थळ कित्येक तास उघडेना. या निकालाला पासवर्ड लागत नाही, बैठक क्रमांक आणि आईचं नाव लागतं. म्हणजे प्रत्येक विनंती वेगळी, आणि एकाचं उत्तर दुसऱ्याला देता येत नाही. अशा दिवसाच्या तालमीसाठी खऱ्या मुलांची माहिती वापरू नये, हे मी ठामपणे म्हणेन. पण बनावट यादी खऱ्यासारखी हवी. तिच्यात लाखो वेगवेगळे क्रमांक हवेत, आईच्या नावाचं स्पेलिंग चुकवून पुन्हा प्रयत्न करणारे हवेत आणि पान उघडत नाही म्हणून दर काही सेकंदांनी रिफ्रेश करणारे पालकही हवेत. शिवाय आलेल्या प्रत्येक उत्तरात त्याच क्रमांकाची गुणपत्रिका आहे का, हे स्क्रिप्टनं वाचून पाहायला हवं.